भरिताची वांगी, ऑन-कॉल आणि परतीची बस

थंडी पडली की खान्देशात शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात आणि जळगाव-धुळ्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘टीम आउटिंग’चे मेल फिरू लागतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीत २८ जण आहेत. यंदा हॉटेलऐवजी एका सहकाऱ्याच्या शेतात भरीत पार्टी ठरली आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी मूळचा कोल्हापूरचा. वांगी किती आणायची, भाकरी किती, सुरुवात कुठून करायची? — टीम लीड, जळगाव

सुरुवात पंचांगापासून करा. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं न खाणारी घरं इकडे अजून पुष्कळ आहेत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवला की त्यांचं वांगं सुरू होतं. म्हणून मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीनंतरचा शनिवार धरा. त्या दिवशी एकादशी नाही ना, आणि शनिवारचा उपास कोणाकोणाला आहे, तेही विचारून घ्या.

वांगं भरिताचंच हवं. हिरवट-पांढरं, मोठं, पातळ सालीचं. बामणोद, आसोदा या भागातलं नावाजलेलं आहे, आणि ‘जळगाव भरीत वांगी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बी कमी असतं. जड लागलं तर ठेवून द्या, जून झालंय. माणशी ३०० ग्रॅम कच्चं वांगं धरा. भाजून, साल-देठ काढल्यावर साधारण निम्म्याहून थोडं जास्त उरतं. २८ जणांना साडेआठ किलो लागतील, तुम्ही १० किलो आणा. चार-दोन नग आतून किडके निघतातच.

१० किलोला हिरवी मिरची ४०० ग्रॅम, लसूण पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याचे काप पाव किलो, तेल एक लिटर, कांद्याची पात १० जुड्या, कोथिंबीर ४ जुड्या. मिरची तिखट असेल तर ३०० ग्रॅमवर थांबा आणि ठेचा वेगळा ठेवा. तुमच्यासारखे बाहेरून आलेले लोकही जेवायला आहेत हे विसरू नका, मग ते कोल्हापूरचे का असेनात.

भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या घ्या, गॅस नको. पऱ्हाट्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. हाताने मोडल्यावर ‘कट्ट’ असा आवाज आला पाहिजे. दमट असल्या तर धूर कोंडतो आणि भरिताला कडवट वास बसतो, तो मग कितीही कोथिंबीर घातली तरी जात नाही. प्रत्येक वांग्याला सुरीने चार-पाच टोचे मारा, नाहीतर ते फुटून उडतं. एका वेळी दहा-बारा वांगी जाळावर टाका, लांब काठीने फिरवत राहा. पंधरा-वीस मिनिटांत अंग मऊ पडतं. मात्र देठाजवळचा भाग शेवटी शिजतो. नवखी माणसं तिथेच फसतात, वरून काळंठिक्कर आणि देठाशी कच्चं. देठाजवळ काडी टोचा, ती लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. मग झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटं दडपून ठेवा म्हणजे साल आपसूक सुटेल. सोललेलं वांगं पाण्याखाली धुवू नका. राख लागली तर बोटं ओली करून पुसा.

मिरच्या आणि लसूण थोडे भाजून आधी बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, ठेचायचे, मग त्यात गर घालून लाकडी मुसळाने घोटायचं. मिक्सर आणला तर त्याची चटणी होते. तेलात शेंगदाणे आणि खोबरं परतून फोडणी ओता, पात आणि कोथिंबीर सगळ्यात शेवटी. गरम भरीत झाकण लावून डब्यात भरलं तर वाफेने पाणी सुटतं, म्हणून जेवायची पंगत बसायच्या अर्धा तास आधी घोटायला घ्या.

भाकरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची, करा. माणशी अडीच धरली तर ७० होतात. किलोभर पिठाच्या १० ते १२ भाकरी पडतात, म्हणजे ७ किलो पीठ. एका चुलीवर एक सराईत बाई तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या टाकते. दोन चुली, दोन बायका, दीड तास. त्यांना रोख मजुरी द्या आणि जेवायला आपल्यासोबत बसवा.

जैन सहकारी असतील तर ऐनवेळी ‘तुमच्यासाठी बिनलसणाचं काढून ठेवतो’ असं म्हणू नका. त्यांच्यातले बरेच जण वांगंच खात नाहीत. त्यांच्यासाठी वरण-बट्टी आणि तूप ठेवा, ते इतरही आनंदाने खातील आणि वेगळी पंगत बसणार नाही. यादी करताना ‘व्हेज की नॉनव्हेज’ एवढंच विचारलं जातं, तिथेच घोळ होतो. ‘काय खात नाही’ हे मोकळं विचारा.

पिण्याचं पाणी २० लिटरचे पाच जार न्या. आणि शेत आधी स्वतः जाऊन पाहा. विहिरीला कठडा आहे का, सावली कुठे पडते, आणि मुख्य म्हणजे शौचालय आहे का. तिथे ते नसेल, किंवा असून कुलपात असेल, तर ऑफिसातल्या बायका दिवसभर पाणी पिणार नाहीत आणि तीन वाजता ‘निघूया का’ म्हणतील. मग तुम्हाला वाटेल त्यांना पार्टी आवडली नाही.

कामाची वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, आणि चिठ्ठीत मॅनेजरचंही नाव हवं. वांगी सोलायला, पात चिरायला मुली आणि खाटेवर बसून गप्पा मारायला वरिष्ठ, हे चित्र एकदा उभं राहिलं की सोमवारी ऑफिसात तेच पुढे चालू होतं.

प्रश्न : मी सर्व्हर आणि डिप्लॉयमेंट, म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर चढवणं, बघतो. दोन वर्षांत चार सहली झाल्या, चारही वेळा मी झाडाखाली लॅपटॉप उघडून बसलो होतो. लोक म्हणतात, ‘तू आहेस म्हणून आम्ही निवांत.’ हे बदलायचं कसं? — एक इंजिनिअर, भुसावळ

‘तू आहेस म्हणून’ हे कौतुक नव्हे, तो ड्युटीचा तक्ता आहे. लिहिलेला नाही इतकंच. पहिलं काम तो लिहून काढणं. गेल्या चार सहलींच्या तारखा आणि त्या दिवशी ऑन-कॉल, म्हणजे बिघाडाचा फोन उचलायच्या पाळीवर, कोण होतं, एवढे दोनच रकाने. चार ओळींचा तो तक्ता लीडसमोर ठेवला की वेगळं भाषण करावं लागत नाही.

मग सहलीच्या दिवसाचा ऑन-कॉल सहलीबाहेरच्या माणसाकडे द्या. कंपनीत दोन टीम असतील तर सहली दोन वेगवेगळ्या शनिवारी काढा आणि एकमेकांचे फोन सांभाळा. एकच टीम असेल तर ज्याला तसंही यायचं नाही त्याला विचारा, आणि बदल्यात पूर्ण दिवसाची सुट्टी द्या. नुसतं ‘थँक यू’ पुरत नाही. फोन फुकटात सांभाळणारा माणूस पुढच्या वेळी सापडत नाही.

गुरुवारी संध्याकाळपासून नवीन डिप्लॉयमेंट बंद ठेवा. शुक्रवारी चार गोष्टी तपासा : पुढच्या १४ दिवसांत संपणारी एसएसएल प्रमाणपत्रं (वेबसाइट सुरक्षित असल्याची), डिस्क किती भरली आहे (७० टक्क्यांच्या वर असेल तर जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, आत्ताच हलवा), रात्रीचा बॅकअप खरंच झाला का, आणि शनिवार-रविवारी आपोआप चालणारी कामं. सुट्टीच्या दिवशीचे बरेचसे अलर्ट या चारांतूनच येतात, आणि चारही आदल्या दिवशी मारता येतात.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ग्राहक असेल तर वेळेचं गणितही करा. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असतं. त्यांची शुक्रवारची संध्याकाळ साडेपाच म्हणजे आपली शनिवारची सकाळ सात. त्यांचं आठवड्याचं शेवटचं काम आणि तुमची बस एकाच वेळी सुटते. बस साडेसातनंतर काढा, किंवा तोवर फोन मागे राहिलेल्याकडे असू द्या.

आणि ‘नेटवर्क असेल की’ यावर विसंबू नका. पाटणादेवीच्या जंगलात, किंवा पाल, तोरणमाळ अशा सातपुड्याच्या कुठल्याही घडीत फोनच्या दांड्या दिसेनाशा होतात. पाहणीला जाल तेव्हा तिथूनच व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कची सुरक्षित जोडणी, जोडून बघा, फोनवर नुसतं ‘हॅलो’ लागणं वेगळं. नाही जोडलं गेलं तर तुमच्यासाठी ती उत्तम जागा आहे. कोणालाही लॅपटॉप आणायला सांगताच येणार नाही.

प्रश्न : सहलीहून परत यायला रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात, शेवटच्या दोन तासांत काही जणांची पिण्याची बैठक असते. गेल्या वेळी बसमध्ये एकाने माझ्या मैत्रिणीबद्दल घाण विनोद केले. तक्रार केली तर ‘ते ऑफिस नव्हतं’ असं उत्तर मिळालं. खरंच नव्हतं का? — टेस्टर, धुळे

होतं. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त इमारत धरत नाही. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागा आणि मालकाने दिलेलं प्रवासाचं वाहन, दोन्ही त्यात येतात. कंपनीने ठरवलेली बस म्हणजे ऑफिसच. घाण विनोदही, म्हणजे नकोशी लैंगिक शेरेबाजीही, त्या कायद्याच्या व्याख्येत आहे.

१० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. तारीख, वेळ, बसमध्ये कोण कुठे बसलं होतं, नेमके शब्द काय होते, हे आजच लिहून ठेवा. महिन्याभराने शब्द आठवत नाहीत आणि समोरचा नेमकं तेच विचारतो. तक्रार तुमच्या मैत्रिणीने करायची आहे, तुम्ही साक्षीदार. तिच्या मनाविरुद्ध तुम्ही पुढे जाऊ नका.

पुढच्या सहलीसाठी आयोजकांना हे सांगा : सूर्यास्ताला बस निघते, ज्याला थांबायचं तो स्वतःच्या सोयीने थांबेल. कंपनीच्या पैशाने दारू नाही. यात सोवळेपणा नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, आणि तुमच्या टीममधले निम्मे नुकतेच कॉलेजातून आलेले असतील. सोडण्याचा क्रम आधी ठरवा, चालकासोबत शेवटी एकटी मुलगी उरेल असा मार्ग नको. शेवटचा थांबा आयोजकाचा, मग त्याचं घर वाटेत असो की नसो. आणि पिण्याच्या बैठकीत बढती, पगार, प्रकल्प यांवर बोलणं होत असेल तर ते आणखी वाईट. जी माणसं लवकर घरी जातात त्यांना सोमवारी कळतं की निर्णय झाला.

प्रश्न : ४५ जण, एक दिवस, जळगावहून. एक सहकारी गरोदर आहे, एकाचे गुडघे दुखतात. मॅनेजमेंटला मेमध्ये जायचंय, तिमाही संपते म्हणून. कुठे जावं? — एचआर, जळगाव

मेमध्ये कुठेच नाही. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत बस थांबवून चहा घेणं हीच सहल होईल. शिवाय त्याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या आठवड्यात बोलावलं तर हजेरी लागेल पण मन घरी असेल. तसाच श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार, खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचा. नाशिक-सुरतला गेलेले भाऊबंदही तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, गावी परततात. तो रविवार सोडून जुलै ते फेब्रुवारीतलं काहीही घ्या.

अजिंठा साठेक किलोमीटर, दीड-पावणेदोन तास. सोमवारी लेणी बंद. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला सोडावी लागते, तिथून चारेक किलोमीटर एसटीची बस. ४५ जण एका बसमध्ये मावत नाहीत, म्हणून दोन गट करा आणि दुसऱ्या गटाला रांगेत उभं करण्याऐवजी नाश्ता तिथेच द्या. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण डोली मिळते. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि आत अंधार असतो. १, २, १६ आणि १७ एवढी चार नीट पाहिली तरी खूप झालं. गाईड घ्या, नाहीतर लोक दहा मिनिटांत बाहेर येऊन सेल्फी काढतात. पावसाळ्यात गेलात तर वाघूर नदीचा सातकुंड धबधबा वाहतो.

चाळीसगावजवळची पाटणादेवी पावसानंतर सुरेख, देवळापर्यंत वयस्करांनाही जमतं. तिथून पितळखोरा लेण्यांची चढण मात्र गरोदर बाईला आणि दुखऱ्या गुडघ्यांना नको. डिसेंबर-जानेवारीत हतनूर धरणावर पक्षी बघायला जाता येतं, पण पहाटे पोचावं लागतं आणि ४५ जणांच्या गलक्याला पक्षी थांबत नाहीत. पंधराच्या टीमला ठीक. तोरणमाळ एका दिवसात करू नका. शहाद्याच्या पुढचा घाट अंधारात उतरायची वेळ येते.

दोन्ही सहकाऱ्यांना ‘तुम्हाला जमेल ना?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. पायऱ्या किती, चालणं किती, स्वच्छतागृह कुठे, एवढं मेलमध्येच सगळ्यांना लिहा. ज्याचं त्याला कळतं. ‘येणार नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचा रकाना फॉर्ममधून काढून टाका, आणि शनिवार साप्ताहिक सुट्टीचा असेल तर बदली सुट्टी जाहीर करूनच मेल पाठवा.

प्रश्न : मी शहाद्याहून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. वर्षातून दोनदा ‘टीम मीट’ला बोलावतात. रात्रभर ट्रॅव्हल्सने जायचं, सकाळी नऊला हॉलमध्ये पीपीटी बघायच्या, संध्याकाळी बोलिंग, रात्री परत. याचा उपयोग काय? — डेव्हलपर, शहादा

अशा मीटचा काही नाही. पीपीटी घरूनही दिसते.

उपयोग व्हावा असं वाटत असेल तर लीडला तीन मागण्या लिहून पाठवा. पहिली, प्रवासाचा दिवस कामाचा दिवस धरा आणि मीट दुपारी दोनला सुरू करा. रात्रभर बसून आलेल्या माणसाकडून सकाळी नऊला मत मागणं म्हणजे त्याचं मत नको असणं. दुसरी, समोरासमोरच होणारी कामं त्या दोन दिवसांत घ्या : रखडलेला डिझाइनचा वाद फळ्यासमोर मिटवणं, नवीन आलेल्यासोबत एका स्क्रीनवर अर्धा दिवस बसणं, ज्याच्याशी वर्षभर फक्त कोड रिव्ह्यूत (एकमेकांचा कोड तपासताना) खटके उडाले त्याच्यासोबत जेवणं. हे तिसरं सगळ्यात जास्त पुरतं. माणसाचा आवाज आणि हसणं एकदा कानात बसलं की ‘धिस इज रॉंग’ ही कमेंट तितकी बोचत नाही. तिसरी, एक मीट नाशिकला. धुळ्यावरून सरळ महामार्ग आहे, पुणेकरांनाही तेवढंच. प्रवास फक्त एकाच बाजूने होत राहिला की ती बाजू ‘लांबची’ ठरते.

बोलिंगचं म्हणाल तर, ते राहू द्या. कोणाला तरी आवडत असेल.

प्रश्न : आमच्याकडे साक्रीकडची एक नवीन मुलगी आली आहे. मीटिंगमध्ये ती एकदा अहिराणीत ‘काय शे’ (काय आहे) म्हणून गेली, तेव्हापासून काही जण तिला ‘शे’ म्हणूनच हाक मारतात. आता सहलीच्या बसमध्ये तिच्याकडून अहिराणी गाणं म्हणवून घ्यायचा बेत आहे. ती हसते, पण मला बरं वाटत नाही. — सहकारी, धुळे

तुम्हाला बरं वाटत नाही ते बरोबर आहे. नवीन माणूस हसतो कारण दुसरं काही करण्याची त्याची अजून पत नसते. तिने स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, बोलणं कमी करून सगळं चॅटवर लिहायला सुरुवात केली आहे का, ते बघा. केली असेल तर ते हसणं नाही.

बेत करणाऱ्याला ग्रुपवर नाही, फोनवर सांगा की हा कार्यक्रम काढ. ग्रुपवर सांगितलं तर विषय पुन्हा तिच्यावरच येतो. बसमधल्या कार्यक्रमाचा नियम एकच ठेवा, ज्याने स्वतः नाव दिलं तोच गाईल. आणि मीटिंगमध्ये तुम्ही स्वतः तिला पूर्ण नावाने हाक मारा, दर वेळी. चार-सहा दिवसांत इतरांच्या तोंडी तेच येतं.

हसणाऱ्यांतले निम्मे घरी आईशी अहिराणीतच बोलत असतील, हा भाग वेगळा. आणि आयटीत बोली शोभत नाही असं कोणी म्हणालंच, तर सांगा की विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्याने झाली, आणि तिथल्या बाजारात आजही भाव ‘काय शे’ असाच विचारतात.